पीएमएस आहे हे ठरवतात कसं? दोन महिन्यांच्या वहीनंतर पडलेले प्रश्न

शेंगाचटणी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी इथली जुनी वाचक, लिहिते क्वचित. वय ३६, टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा.

गेली सहा-सात वर्षं माझा महिना दोन तुकड्यांत जातो. पाळीनंतरचे पंधरा दिवस मी मी असते. मग एका सकाळी उठतानाच अंग जड, छाती दुखरी, आणि कुणी साधं 'चहा झाला का' विचारलं तरी रडू घशाशी येतं. मागच्या श्रावणातली गोष्ट सांगते. चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. मुलाच्या हातून ओट्यावर पाण्याची बाटली सांडली. एवढंच. मी हातातलं तापलेलं उलथनं भिंतीवर फेकलं. मुलाला लागलं नाही, पण तो ज्या नजरेने मागे सरकला ती मला विसरता येत नाही. तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि दुपारपर्यंत सगळं निवळलं. भिंतीवरचा डाग अजून आहे.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, म्हणाले काही झालेलं नाही, मन रमवा. दुसऱ्यांनी माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत 'पीएमएस', म्हणजे पाळीआधीचा त्रास, म्हणून गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या बाईंनी एक छापील तक्ता हातात दिला. रोज रात्री झोपण्याआधी भरायचा, दोन पाळ्या पूर्ण होईपर्यंत, मग या म्हणाल्या. खरं सांगते, त्या दिवशी जिना उतरताना मला संताप आला होता. औषधाला गेले आणि गृहपाठ घेऊन आले.

आता दोन महिने भरून झालेत, पुढच्या आठवड्यात दाखवायचंय. तक्त्यात चिडचिड, उदास वाटणं, बेचैनी, झोप, भूक, अंगदुखी असे रकाने आहेत आणि प्रत्येकासमोर १ ते ६ आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे पराकोटीचं. प्रश्न असे: रक्तात काही दिसत नसेल तर नुसत्या माझ्या आकड्यांवर निदान कसं होतं? सहा-सात वर्षांचा अनुभव मी तोंडाने सांगितलेला का चालत नाही? आणि दोन महिनेच का?

भुईकोट

शेंगाचटणीताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथेच प्रॅक्टिस करते. तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. सविस्तर लिहिते, कारण ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात आणि एवढं सांगणं तिथे होत नाही. माझ्याकडूनही होत नाही.

आधी रक्ताबद्दल. पाळीआधीच्या या त्रासावर आधुनिक वैद्यकात पहिलं ठळक लिखाण १९३१ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी केलं. त्यांचा समज होता की स्त्री-संप्रेरकं शरीरात साठून जास्त होतात. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. डाल्टन यांचा भर प्रोजेस्टेरॉन कमी पडण्यावर होता. म्हणजे एकाला जास्त वाटलं, दुसऱ्याला कमी. दोन्ही टिकलं नाही.

१९९८ मध्ये पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी एक फार नेटका प्रयोग केला. इंजेक्शनने बीजकोषांचं काम तात्पुरतं थांबवलं, तर पीएमएस असलेल्या अनेक बायकांची लक्षणं गेली. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या पातळीइतकंच परत दिलं, तर लक्षणं परत आली. पीएमएस नसलेल्या बायकांना हेच सगळं दिलं, त्यांना काहीच झालं नाही. संप्रेरकांची पातळी दोघींची सारखी, पण त्या चढउताराला मेंदू देतो ती प्रतिक्रिया वेगळी. म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि तो नॉर्मल आला म्हणून तुम्हाला काही झालं नाही असा अर्थ कुणी काढला असेल तर तो चुकला.

तरी रक्त तपासावंच लागतं, ते दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन हे दोन मी कधी सोडत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेली बाई थकलेली, चिडलेली असणारच. फक्त ती महिनाभर असते.

निदानाचा सगळा भार त्या 'महिनाभर' शब्दावर आहे. लक्षण कोणतं याला फारसं महत्त्व नाही. दीडशेहून अधिक लक्षणं पीएमएसच्या नावावर लिहिली गेली आहेत आणि त्यातलं एकही फक्त पीएमएसचं नाही. ते कधी येतं आणि मुख्य म्हणजे कधी जातं, हे बघायचं. बीज सुटल्यानंतर येतं, पाळी सुरू झाल्यावर उतरतं, आणि पाळीनंतरचा एक आठवडा कोरा जातो. तो कोरा आठवडा दिसला पाहिजे. तुमच्या वहीत मी आधी तोच शोधीन.

होटगीरोड

पण डॉक्टर, ताईंना सहा-सात वर्षांचा अनुभव आहे. त्या खोटं थोडंच सांगतील? आठवणीवर विश्वास न ठेवणं हा बाईचा अपमान नाही का?

आकडेमोड

याचं उत्तर मी देऊ का? मी सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी, आणि हीच चूक करून बसलेलो आहे.

खोटं कुणीच सांगत नाही. आठवण स्वतःहून जुळवाजुळव करते. पाळी आली की मागे वळून बघताना आधीचं भांडण त्या खात्यावर मांडलं जातं. पाळीनंतर दहाव्या दिवशी झालेलं भांडण 'तो दिवसच वाईट होता' म्हणून विसरलं जातं. १९७७ मध्ये डायन रूबल यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थिनींवर प्रयोग केला. सगळ्याजणी पाळीपासून सारख्याच अंतरावर होत्या, साधारण आठवडाभर आधी. काहींना सांगितलं की तपासणीनुसार तुमची पाळी एक-दोन दिवसांत येणार, काहींना सांगितलं की अजून पुष्कळ अवकाश आहे. ज्यांना 'आता येणार' असं सांगितलं होतं त्यांनी पाणी साचणं, दुखणं असा त्रास जास्त नोंदवला. शरीर तेच, कल्पना वेगळी.

आता माझी चूक. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका कॉलेजात प्रश्नावली वाटली. मागच्या तीन महिन्यांत पाळीआधी यातलं काय काय झालं, टिक करा. एका दुपारी शंभरावर मुलींचे कागद जमा. बहुतेक सगळ्यांनी भरपूर टिका केल्या होत्या. मी खूश. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं: "पाळीनंतरच्या आठवड्यात हेच प्रश्न विचारले असते तर किती टिका आल्या असत्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पीएमएस मोजलंच नव्हतं. मुलींच्या मनात पीएमएसचं जे चित्र आहे ते मोजलं होतं.

भारतातली या विषयावरची पुष्कळ सर्वेक्षणं अशीच एका बैठकीतली असतात, आणि म्हणून त्यांतले आकडे इतके वेगवेगळे येतात. २०२४ मध्ये पीएमडीडीवरच्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सर्वसाधारण लोकसंख्येत, रोजच्या नोंदींनी खात्री केलेलं प्रमाण १.६ टक्के निघालं. नुसत्या आठवणीवर विसंबलेल्या अभ्यासांत ते याच्या कितीतरी पट येतं.

होटगीरोड

समजलं. पीएमडीडी म्हणजे वेगळं काही का?

भुईकोट

एकाच वाटेवरचं पुढचं टोक म्हणा. पाळीआधी थोडं अंग जड होणं, एखादा दिवस चिडचिड, हे बहुतेक बायकांना होतं आणि तो आजार नाही. त्याने काम, घर, नाती अडायला लागली की पीएमएस. मनाची लक्षणं तीव्र असली तर पीएमडीडी, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८७ मध्ये हे आपल्या निदान-पुस्तिकेच्या परिशिष्टात वेगळ्या नावाने घातलं, १९९४ मध्ये आताचं नाव दिलं, आणि २०१३ मध्ये परिशिष्टातून काढून नैराश्याच्या विकारांमध्ये मुख्य भागात आणलं. इतकी वर्षं लागली कारण भीती खरी होती: पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईला उद्या मनोरुग्ण ठरवतील ही. बायकांच्या संघटनांनीच तो मुद्दा लावून धरला होता. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मात्र हे मुख्यतः जननेंद्रियांच्या विकारांत ठेवलंय आणि नैराश्याच्या गटात त्याची नोंद जोडलीय. मला ती मांडणी जास्त पटते.

पीएमडीडीला ११ लक्षणांपैकी किमान ५ लागतात, आणि त्यातलं एक तरी मनाचं हवं: मूडचे झोके, चिडचिड, उदासी किंवा ताण-बेचैनी. वर्षातल्या बहुतांश पाळ्यांत. आणि दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींनी खात्री होईपर्यंत ते निदान 'तात्पुरतं' असंच लिहायचं असतं.

पीएमएससाठी मी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे निकष वापरते, ते साधे आहेत. मनाचं एक आणि शरीराचं एक लक्षण पुरतं. पाळीआधीच्या ५ दिवसांत, लागोपाठ ३ चक्रांत. पाळी सुरू झाल्यापासून ४ दिवसांत जायला हवं आणि १३ व्या दिवसापर्यंत परत यायला नको. मग पुढची २ चक्रं रोज लिहून खात्री. दोनच का, तर एखादा महिना अपवादाचा असू शकतो. घरात लग्न असतं, मुलाची परीक्षा असते, किंवा एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४३ अंशांत रात्रभर लाईट गेलेली असते. तशा महिन्यात कुणाचीच झोप आणि डोकं जागेवर नसतं. एकाच महिन्यावर निदान केलं तर उन्हाळ्याचं निदान होईल.

पूर्वभागातली

मी पूर्व भागात आरोग्य सेविकांबरोबर काम करते. विडी वळणाऱ्या बायका जास्त. डॉक्टर ताई, तक्ता चांगला आहे पण आमच्या बायकांपर्यंत पोचायचा कसा ते सांगा.

पहिली अडचण भाषा. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी. 'चिडचिड' म्हटलं की एक म्हणते 'चिराकु', ते बरोबर लागतं. पण 'उदास वाटतं का' विचारलं की सगळ्या म्हणतात डोकं उठलंय, अंगात जीव नाही. उदासी अंगात सांगतात, मनात नाही सांगत. मग तो आकडा कुठल्या रकान्यात घालायचा?

दुसरी गोष्ट मला वेगळीच सांगायचीय. आमच्यात एक बाई आहे, चाळिशीच्या आतली. तिच्या कारखान्याच्या पासबुकात रोजचा आकडा असतो, किती विड्या दिल्या आणि चेकरने किती काढून टाकल्या. तिला मी विचारलं, पाळीआधी त्रास होतो का. म्हणाली, "काय की ओ ताई, असंल." मग आम्ही दोघी जमिनीवर बसून पासबुक उघडलं आणि तिच्या पाळीच्या तारखांवर पेन्सिलने गोल केले. गोलाच्या आधीचे चार-पाच दिवस, महिन्यामागून महिना, तिचा आकडा पडलेला. आणि काढून टाकलेल्या विड्या त्याच दिवसांत जास्त. सूत नीट बसत नाही, पान फाटतं. तिला वाटायचं त्या दिवसांत पानंच वाईट येतात. ती पासबुकाकडे बघून गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझे पैसे दर महिन्याला जायलेत."

हे चालतं का निदानाला?

भुईकोट

पूर्वभागातली, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

निदानाला एकटं नाही चालत, पण ते फार मोलाचं आहे. निकषांमधला सर्वांत ढोबळपणे भरला जाणारा भाग असतो 'कामावर परिणाम'. आम्ही विचारतो "काम होतं का", बाई म्हणते "करावंच लागतं", आणि आम्ही 'परिणाम नाही' लिहून मोकळे होतो. तुमच्याकडे तर रोजचा, त्याच दिवशी, तिसऱ्याच माणसाने लिहिलेला आकडा आहे. मात्र दोन गोष्टी तपासा. आकडा पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पडतो की आधी? रक्तस्राव सुरू झाल्यावर पोटात कळा येऊन पडत असेल तर ते पाळीतलं दुखणं, त्याचं निदान आणि उपचार वेगळे. आणि पाळीनंतरच्या आठवड्यात आकडा पूर्ववत होतो का? नसेल होत तर आधी हिमोग्लोबिन बघा, आणि तिला ओपीडीला पाठवा.

भाषेचं म्हणाल तर शब्द जसेच्या तसे फिरवू नका. बायका जे बोलतात तेच रकान्याचं नाव करा. 'डोकं उठलंय' हा रकाना ठेवा. पाळीनंतर तो १ वर उतरत असेल तर आपल्याला हवं ते कळलं.

आकडेमोड

यात एक भर. संशोधनाला वापरायचं असेल तर मराठीतून तेलुगूत नेलेला तक्ता दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून ताडून बघावा लागतो. पण एका बाईची तिच्याशीच तुलना करायची असेल तर रकान्याचं नाव तिचं स्वतःचं असणं पुरतं. दवाखाना आणि संशोधन यांत मला दिसलेला मुख्य फरक हाच. दवाखान्यात प्रश्न असतो 'या बाईला काय मदत होईल', संशोधनात 'या शंभरजणी खरंच एका गटातल्या आहेत का'. दुसऱ्या प्रश्नाला सैल उत्तर दिलं की औषधाची चाचणीच फसते. नैराश्य असलेल्या बायका गटात मिसळतात आणि मग औषध लागू पडलं की नाही तेच कळत नाही.

ताईंच्या तक्त्याचं वर्णन जीन एंडिकॉट यांनी तयार केलेल्या डीआरएसपी नावाच्या तक्त्याशी जुळतं, त्यात रोजचा प्रत्येक त्रास १ ते ६ मध्ये मांडतात. त्यावर आकडे लावायची ठरलेली पद्धत २०१७ मध्ये आली, सी-पास नावाची. पाळीआधीचे ७ दिवस एका बाजूला, पाळीचा ४ था ते १० वा दिवस दुसऱ्या बाजूला. आधीच्या आठवड्यात किमान दोन दिवस आकडा ४ किंवा वर हवा. नंतरच्या आठवड्यात ३ च्या वर जायला नको. आणि दोन्ही सरासरींतला फरक त्या बाईने वापरलेल्या पट्टीच्या (१ पासून तिने दिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंतच्या अंतराच्या) किमान ३० टक्के हवा. पाळी आली तो दिवस १ ला, आदला दिवस उणे १, शून्य नाहीच. आधीचे दिवस पाळी आल्यावर उलटे मोजायचे, कारण पाळी कधी येणार हे आधी कुणालाच नक्की ठाऊक नसतं.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. आकडेमोड, तुमचं वाचून मी काल रात्रीच वही काढली. पहिल्या महिन्याचा चिडचिडीचा रकाना, पाळीआधीचे सात दिवस: ५, ५, ४, ६, ५, ५, ४. पाळीच्या चौथ्या दिवसापासून: १, १, २, १, १, २, १. सरासरी ४.९ आणि १.३. हिशेबाचं काम करते, बेरजा रोजच्याच, पण ही बेरीज करताना हात थरथरत होता.

एक कबूल करते. पहिल्या महिन्यात तीन दिवस राहिले होते आणि ते मी नंतर आठवून भरले. ते चालेल का?

भुईकोट

त्या तीन दिवसांसमोर खूण करा आणि डॉक्टरांना सांगा. लपवू नका, बस्स. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांपैकी काही बघताक्षणी कळतात: तीस दिवस एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच तिरप्या अक्षरात. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून भरलेल्या. चहाचा डाग, मधेच संपलेली शाई, मुलाने काढलेलं चित्र, अशा वह्या मला जास्त विश्वासाच्या वाटतात.

आकडेमोड

२००२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याच्यावर एक अभ्यास आला होता, दुखण्याच्या डायऱ्यांचा. डायरीच्या फाइलीत प्रकाश ओळखणारी यंत्रणा लपवली होती, म्हणजे ती कधी उघडली हे कळायचं. पेशंटनी वेळच्या वेळी भरल्याचं दाखवलेलं प्रमाण ९० टक्के, प्रत्यक्षात ११ टक्के. म्हणून आता संशोधनात मोबाइलवर भरून घेतात, वेळ आपोआप नोंदली जाते.

अक्कलकोटची_मावशी

मी ६८ वर्षांची आहे, सून हे वाचून दाखवते आणि माझं टाइप करून देते. आमच्या वेळी चार दिवस कडेला बसवायचे. लोकांना वाटतं ते चार दिवस त्रासाचे. मला तर ते चार दिवस सुटकेचे वाटायचे. आधीचा आठवडा वाईट जायचा. सासूबाई म्हणायच्या हिच्या अंगात येतं. पाळी आली की मला आतून मोकळं वाटायचं आणि मी कोपऱ्यात बसून शांत झोपायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर बाईंनी 'कधी जातं ते बघा' लिहिलंय, ते वाचून आठवलं.

भुईकोट

मावशी, नमस्कार करते. तुम्ही सांगितलंत ते मी आता प्रत्येक पेशंटला विचारणार आहे: पाळी आल्यावर मोकळं वाटतं का? निदान त्यावर पक्कं होत नाही, पण वही द्यायची की नाही हे त्या एका उत्तरावर ठरवता येईल.

मंगळवेढेकर

माझ्या वहिनीची पिशवी काढलीय पाच वर्षांपूर्वी, अंडाशय ठेवलेत. पाळीच नाही, पण तरी दर महिन्याला आठ-दहा दिवस ती वेगळीच माणूस असते. घरात सगळे म्हणतात आता पाळी नाही तर कसला पीएमएस. तिला कसं लिहायला सांगू? मोजायला पाळीच नाही.

भुईकोट

वहिनींचं म्हणणं खरं असू शकतं. अंडाशय काम करत असतात तोवर चक्र चालू असतं, फक्त रक्तस्राव दिसत नाही. २००८ मध्ये माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात हा प्रकार स्वतंत्र मांडलाय: पाळीविना होणारा पाळीपूर्व त्रास. त्यांना दोन ऐवजी तीन महिने लिहू द्या आणि कागद एकाखाली एक ठेवा. साधारण चार आठवड्यांच्या अंतराने उंचवटा आणि मधे सपाट जागा दिसली तर चक्राशी संबंध आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल तर रजोनिवृत्तीचाही विचार करावा लागेल, मग गरम वाफा येतात का हाही रकाना घाला.

त्याच वर्गीकरणातला दुसरा प्रकार सोलापुरात सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. बाहेरून घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाने होणारा त्रास. गड्ड्याची यात्रा, नवरात्र, घरचं लग्न, सत्यनारायण, वास्तुशांत, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली पाळी पुढे ढकलायची गोळी. ती घेतल्यावर रडू येतं, फुगल्यासारखं वाटतं, चिडचिड होते, आणि बाई म्हणते माझा पीएमएस वाढला. तो गोळीचा परिणाम असू शकतो. जानेवारीत पेशंटने वही आणली की मी आधी विचारते, यात्रेला गोळी घेतली होती का? घेतली असेल तर तो महिना निदानात धरत नाही. आणि कृपा करून ती गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

कोरापानं

नवीन सदस्य. मला उलटं सांगायचंय. मी स्वतः पीएमएस ठरवून टाकलं होतं, रील बघून. मैत्रिणीने वही भरायला लावली. तर माझा कोरा आठवडा आलाच नाही. सगळे दिवस ३, ४, पाळीआधी ५, ६. डॉक्टरांनी बघितलं आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्य निघालं, पाळीआधी वाढणारं. आता उपचार चालू आहेत, बरं आहे. वही नसती तर अजून कॅल्शियम आणि ओवा खात बसले असते.

भुईकोट

तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मूळचा आजार पाळीआधी उसळतो, हे पीएमएससारखंच दिसतं आणि ओपीडीत सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. नैराश्य, चिंता, अर्धशिशी, दमा, फिट्स, सगळ्यांचं होऊ शकतं. उपचार मूळ आजाराचा करायचा असतो.

एक अपवाद ठळक लिहिते. मरावंसं वाटणं, स्वतःला किंवा मुलांना इजा करावीशी वाटणं, हे येत असेल तर दोन महिने वही भरत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. निदान मागाहून होईल.

होटगीरोड

एक विचारायचं राहिलं. नवऱ्याने तक्ता भरला तर? मी बायकोकडे बघून आकडे लिहू शकतो, कळतं मला.

शेंगाचटणी

होटगीरोड, भरू नका. माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात 'आज ५ लिही' म्हटलं होतं. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं आणि कारखान्यात तीन लाखांचा मेळ बसत नव्हता. पाळीला अठरा दिवस बाकी होते. त्याला जे पाळीचं दिसलं ते कामाचं होतं. त्यानंतर मी वही कपाटात ठेवायला लागले. तो आता एवढंच करतो, रात्री दहाला विचारतो "वही झाली?" आणि मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. ती पाच मिनिटं मला पुरतात.

पूर्वभागातली

आमच्या बायकांसाठी मी तक्ता केला. आकडे काढून टाकले. सहा ठिपके ठेवलेत, जितका त्रास तितके ठिपके काळे करायचे. कागद विडीच्या पासबुकाच्या आकाराचा कापलाय, म्हणजे त्यातच घालून ठेवता येईल आणि घरात कुणी विचारणार नाही. रकाने चारच: चिराकु, डोकं, झोप, अंग. वर 'रोजची तब्येत' असं लिहिलंय, पाळीचं नाव नाही.

आकडेमोड

नाव न घातलंत ते उत्तम केलंत. संशोधनातही उद्देश असाच झाकतात, रूबल यांच्या प्रयोगात आलेली कल्पनेची भेसळ टाळायला.

शेंगाचटणी

आज जाऊन आले. बाईंनी दोन्ही महिन्यांचे कागद टेबलावर एकाखाली एक ठेवले आणि पाळीच्या पहिल्या दिवसावर पट्टी आडवी धरली. दोन्ही कागदांवर पट्टीच्या अलीकडे गर्दी, पलीकडे एकं. आठवून भरलेले तीन दिवस त्यांनी खोडले, तरी चित्र बदललं नाही. मनाची आणि शरीराची मिळून सात लक्षणं निकषात बसली. पीएमडीडी लिहिलं, 'तात्पुरतं' शब्दाशिवाय.

औषध सुरू केलंय, नैराश्यावर देतात त्याच जातीचं. ते नैराश्यात आठवड्यांनी लागू पडतं, यात काही दिवसांत पडतं म्हणाल्या, म्हणून फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात घ्यायचं. सुरू करण्याआधी त्यांनी कधी अतिउत्साहाचे, झोपेशिवाय चालणारे दिवस आले होते का हे खोदून विचारलं, घरात कुणाला बायपोलर आहे का तेही. उत्तर 'नाही' होतं. वही चालू ठेवायचीय, औषध लागू पडतंय का हे तिच्यावरूनच कळणार आहे.

निघताना मी त्यांना भिंतीवरच्या डागाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलाशी बोललात का. नव्हते बोलले. आज संध्याकाळी बोलले. त्याने विचारलं, "मग आता किती आकडा आहे?" मी म्हटलं दोन. तो म्हणाला, मग चल, आपण भिंत घासू.

पूर्वभागातली

ताई, वाचलं. उद्या सकाळी अकरा तक्ते घेऊन निघालेय. पहिलं घर पासबुकवालीचं.